पुरुष, वय त्रेसष्ट

निरीक्षकसाहेबांनी आयुष्यात एकच टीव्ही मालिका बघितली, आणि तीसुद्धा तपासणी म्हणून. निदान सुरुवात तशी झाली होती.

वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते बातम्या लावायला गेले, तर पडद्यावर किराणा दुकान होतं. दुकानात थोरली मुलगी रडत होती आणि तिचे वडील तिच्याकडे पाठ करून उभे होते. साहेबांचं लक्ष दोघांकडेही नव्हतं. मागच्या फळीवरचा तराजू रिकामा होता आणि तरीही त्याचा काटा शून्याच्या दोन रेघा उजवीकडे होता. असा तराजू वापरणाऱ्या बापानं मुलीला सचोटीचे धडे द्यावेत, हे त्यांना सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी मुद्दाम टीव्ही लावला, चूक दुरुस्त झाली का ते बघायला. झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुकान दाखवलंच नाही. चौथ्या दिवशी थोरलीचं लग्न मोडलं. आठव्या महिन्यात दुकानाला आग लागली, तराजू जळून गेला आणि साहेबांच्या तपासणीचा विषयच संपला. ते मात्र बघत राहिले. का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चौकशीत कुणाला काय विचारू नये, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

ही गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. घरात म्हणजे त्यांच्या पत्नीला, कारण मुलगा परगावी होता आणि तिसरं कुणी नव्हतं. पत्नीला सगळी इमारत 'बाई' म्हणायची; निम्म्या इमारतीला त्यांनीच शाळेत गणित शिकवलं होतं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावरही साडेसात ते साडेआठ बाई आतल्या खोलीत दार लावून, कानावर हेडफोन चढवून, संगणकावर मुलांना शिकवत. त्या साठ मिनिटांतली शेवटची तीस मिनिटं साहेबांची होती. आवाज सातवर ठेवला की दारापलीकडे जात नाही, हे त्यांनी एकदा स्वतः दारापलीकडे उभं राहून तपासलं होतं.

चारचौघांत त्यांचं मत वेगळं होतं. मत म्हणजे, इमारतीतल्या सगळ्याच पुरुषांचं जे होतं ते. मालिकांनी बायकांची विचारशक्ती गंजवली, रोज एक सून रडते आणि हजार घरांत दूध उतू जातं, असं ते म्हणत. पैकी दुधाचा आकडा अंदाजे होता, हे ते प्रामाणिकपणे सांगत.

एका सोमवारी टीव्ही-पाहणीचं सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीतली मुलगी दारात उभी राहिली. कोणत्या घरात कोण काय बघतं हे मोजायला काही घरांत एक यंत्र बसवतात आणि चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीत हे घर आलं होतं. इतकी वर्षं लोकांच्या तराजूंवर मोहोर मारल्यावर आता पहिल्यांदा कुणीतरी साहेबांना मोजायला आलं होतं. त्यांनी मुलीला चहा दिला आणि यंत्राची अचूकता किती, हे विचारलं.

"यंत्र अचूकच आहे, सर," मुलगी म्हणाली. "चूक झाली तर माणसांकडून होते. हा रिमोट. टीव्ही लावला की पेटीवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि विचारतो, कोण बघतंय. ज्याची कळ दाबाल, त्याचा दिवा हिरवा होतो. पहिली कळ तुमची. पुरुष, वय त्रेसष्ट. दुसरी मॅडमची. स्त्री, वय साठ. शेवटची पाहुण्यांची, ती दाबली की पाहुणा स्त्री की पुरुष आणि वय किती, ते भरायचं. कुणी गावाला गेलं तर आम्हाला फोन करायचा."

"आणि एका घरानं काय कळणार?"

"तुमचं एक घर म्हणजे अठरा हजार घरं, सर."

साहेब सरळ होऊन बसले. ही जबाबदारी त्यांच्या खात्यानंही त्यांच्यावर कधी टाकली नव्हती. आपल्या घरात यंत्र आहे हे बाहेर कुणाला सांगणार नाही, अशा कागदावर त्यांनी सही केली, तारखेसकट. बाईंनी चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि मगच केली.

गुप्तता पाऊण तास टिकली. यंत्र बसवायला आलेल्या टेक्निशियनला गच्चीवरची वायर बघायची होती, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे होती, आणि सेक्रेटरींना कारण सांगितल्याशिवाय किल्ली मिळत नसे. संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरींनी साहेबांना बाजूला घेतलं.

"मी कुणाला बोलणार नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही आपल्या बाजूनं नीट कळ दाबा. पुरुष काय बघतात, ते दिसू द्या एकदा. बातम्या, शेअर बाजार, फार तर क्रिकेट. नाहीतर आजकाल काय, जाहिरातींत सुद्धा पुरुष भांडी घासताना दाखवतात."

"भांडी मी घासतो," साहेब म्हणाले.

"ते ठीक आहे हो. दाखवायचं कशाला?"

त्या रात्री, म्हणजे त्या संध्याकाळी आठला, आत बाई अपूर्णांक शिकवत होत्या. साहेबांनी टीव्ही लावला, आवाज सातवर आणला. शीर्षकगीत सुरू झालं आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. साहेबांचा अंगठा पहिल्या कळीवर गेला आणि थांबला.

त्यांच्या डोक्यात जो युक्तिवाद झाला, तो असा. आपण कळ दाबली तर अठरा हजार घरांतले त्रेसष्ट वर्षांचे पुरुष आठची मालिका बघतात, अशी नोंद होईल. ती नोंद त्या बिचाऱ्या पुरुषांवर अन्याय करणारी होईल. ते सज्जन लोक या क्षणी बातम्या बघत असतील. एका माणसाच्या खाजगी अपवादासाठी अठरा हजारांचं माप बिघडवणं शास्त्राला धरून नाही. उलट, ही मालिका साठीच्या बायका बघतात हे सर्वमान्य सत्य आहे. तेव्हा दुसरी कळ दाबली, तर नोंद सत्याच्या जास्त जवळ जाईल.

त्यांनी दुसरी कळ दाबली. दिवा हिरवा झाला. थोरली घर सोडून निघाली होती आणि सुटकेस उचलताना ती रिकामी आहे हे स्पष्ट दिसत होतं. साहेबांना वाईट वाटलं, दोन्ही गोष्टींचं.

आठवड्याभरानं वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, त्याही बरोबर आठ वाजून चार मिनिटांनी. साहेबांनी टीव्ही बंद करायला हात पुढे केला, तोवर वहिनी खुर्चीत बसल्यासुद्धा होत्या. साहेबांनी कोचावरचा पेपर उचलून तोंडासमोर धरला.

"बाई कुठायत?"

"आत. शिकवतेय."

"मग हे कोण बघतंय?" वहिनींनी पेटीकडे पाहिलं. दुसरा दिवा हिरवा होता. सेक्रेटरींनी त्यांना यंत्राची रचना बारकाईनं समजावून दिलेली दिसत होती. "हां, बाईंचा दिवा लागलाय की. शिकवता शिकवता आतून ऐकत असणार. बायकांना दोन कामं एकदम जमतात. तुम्हा लोकांचं तसं नाही. तुम्ही पेपर वाचायला लागलात की घराला आग लागली तरी कळणार नाही."

"खरंय," साहेब पेपरामागून म्हणाले.

"मला पाहुण्यात घ्या. मालिका बंद करणारेत म्हणे, बघणारे कमी झालेत. माझी तेवढीच मदत."

साहेबांनी पाहुण्यांची कळ दाबली. स्त्री. "वय?"

"पन्नास."

साहेबांनी पेपर खाली केला आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या मुलीचं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती.

"पन्नास लिहा," वहिनी म्हणाल्या. "मालिकेसाठी."

त्यांनी पन्नास भरलं. पुढची वीस मिनिटं साहेबांच्या निवृत्त आयुष्यातली सर्वात कष्टाची गेली. पेपर डोळ्यांच्या खाली अर्धा इंच ठेवायचा, पान अधूनमधून उलटायचं आणि चेहरा शेअर बाजाराचा ठेवायचा. त्यात वहिनींना प्रसंग समजावून सांगायची सवय होती आणि त्या सगळा चुकीचा सांगत होत्या.

"हा जो गाडीतून उतरला ना, हा थोरलीचा दीर. यानंच दुकान जाळलं."

"दीर नाही, मावसभाऊ," साहेब म्हणाले. "आणि जाळलं मुनीमानं. हा तेव्हा इस्पितळात होता."

वहिनींनी सावकाश मान वळवली. साहेबांनी पान उलटलं. पेपर उलटा आहे हे त्यांना तेव्हाच कळलं.

"कानावर पडतं," ते म्हणाले. "घरात राहायचं म्हटल्यावर."

"ते आहेच," वहिनी म्हणाल्या, पण जाताना दारात क्षणभर थांबल्या.

महिनाअखेर सर्वेक्षणवाली मुलगी छापील तक्ता घेऊन आली. दोघांच्या नोंदी समोरासमोर होत्या आणि खाली ओळ होती, 'वरील नोंदी बरोबर आहेत', सहीसाठी.

"तुमचं घर आमच्या ऑफिसात फार आवडलं, सर," ती म्हणाली. "आमचे साहेब म्हणतात, इतका स्वच्छ नमुना मिळत नाही. मॅडम आठची मालिका, बावीसपैकी बावीस भाग. तुम्ही बातम्या आणि बॉक्सिंग. अगदी पुस्तकात असावं तसं."

"काय?"

"बॉक्सिंग, सर. मंगळवार ते शुक्रवार, साडेसहा ते सात दहा."

साडेसहा ते सात दहा साहेब रोज फिरायला जात. मागच्या मैदानाला सहा फेऱ्या, घड्याळ लावून. बॉक्सिंग त्यांनी आयुष्यात कधी पूर्ण बघितलं नव्हतं. दोन माणसांना वजन करून मग मारामारीला सोडणं, हा त्यांना वजनाचा अपमान वाटे.

यंत्र चुकतंय, हा त्यांचा पहिला विचार. ते सांगितलं, तर यंत्र तपासतील, हा दुसरा. तपासलं तर सगळंच तपासतील, हा तिसरा. पेन हातात घेऊन ते या तिसऱ्या विचारापाशी उभे राहिले.

बाईंनी तक्ता उचलला. आधी स्वतःचा रकाना वाचला.

"बावीस?"

"यंत्र आहे," साहेब म्हणाले.

मग बाईंनी त्यांचा रकाना वाचला. त्याला जरा जास्त वेळ लागला.

"तुम्ही बॉक्सिंग बघता?"

"कधीतरी."

"चौदा वेळा?"

"यंत्र मोजतं ते. मी मोजत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. फळ्यावर बरोबर उत्तर आणि चुकीची रीत लिहिणाऱ्या मुलाकडे त्या असंच पाहत. मग त्यांनी सही केली. साहेबांनीही केली.

चौतीस वर्षांत त्यांनी एकाही खोट्या तराजूवर मोहोर मारली नव्हती. एका दुकानदारानं तर पाया पडून विनवलं होतं, तरी नाही. त्यांच्या हाताखालची माणसं सांगत, साहेबांची सही म्हणजे शून्यावरचा काटा. त्या रात्री जेवताना त्यांना स्वतःचा उजवा हात जरा परका वाटला. त्या हातानं त्यांनी दोनदा मीठ घेतलं.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण सेक्रेटरी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तळमजल्यावरच्या सभागृहात कुणाचं तरी व्याख्यान ठेवत, आणि या महिन्याचा वक्ता त्यांना मिळत नव्हता.

"तुम्हीच बोला," ते म्हणाले. "आता तर तुमच्याकडे आकडे आहेत. नाव मी ठरवलंय. 'मालिकांच्या विळख्यात स्त्री'."

"आकडे एकाच घराचे आहेत," साहेब म्हणाले. "आणि कुणाला सांगायचे नाहीत, अशी सही आहे."

"तुमचं नाव नाही घ्यायचं. 'एका घरात' म्हणायचं. कुणाला कळतंय?"

नाही म्हणायला दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पाण्याच्या टाकीवर सूचना लागल्या, त्यात साहेबांच्या नावापुढे 'अचूक मापनतज्ज्ञ' असं छापलं होतं. एकूण अकरा सूचना होत्या. साहेबांनी मोजल्या.

त्याच आठवड्यात बाईंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बाई दहा दिवसांसाठी तिकडे गेल्या. जाताना त्यांनी फ्रिजवर कागद लावला, गॅसचा कॉक बंद करायचं बजावलं आणि आणखी एक काम केलं, ते सांगितलं मात्र नाही. सर्वेक्षण कंपनीला फोन करून त्या दहा दिवस घरी नसल्याची नोंद करून टाकली. कंपनीनं दिलेल्या कार्डावर तसं लिहिलेलं होतं. कार्डावर लिहिलेलं बाई करतात.

ते दहा दिवस थोरलीच्या आयुष्यातले सर्वात वाईट होते. ती जिन्यावरून पडून बेशुद्धीत गेली. डॉक्टरनं घड्याळ न बघता तिची नाडी मोजली आणि मान हलवली. साहेबांचा जीव टांगणीला लागला. रोज आठला ते सवयीनं दुसरी कळ दाबत. घरात कुणी नव्हतं, आणि इस्पितळातल्या यंत्राची टिकटिक नीट ऐकू यावी म्हणून आवाज सातावरून एकवीसवर गेला. शीर्षकगीताला तर सव्वीसवर. शीर्षकगीत त्यांनी या आधी मोठ्यानं ऐकलंच नव्हतं. त्यात बासरी आहे हे त्यांना नव्यानं कळलं.

बाई शनिवारी परतल्या. रविवारी अकराला सभागृह भरलं. चाळीसेक माणसं होती. पुरुष पुढच्या रांगांत मान डोलवायच्या तयारीनं बसले होते, बायका मागे, हातांच्या घड्या घालून. बाई शेवटच्या रांगेत खिडकीशी होत्या.

साहेबांनी सुरुवात चांगली केली. मापन म्हणजे काय, चूक म्हणजे काय, चुकीचे प्रकार किती. पुढच्या रांगेत एक जांभई निघाली. सेक्रेटरींनी खूण केली, विळख्याकडे या.

"आता एक घर घेऊ," साहेब म्हणाले. "कुठलंही. त्या घरात पुरुष आहे, वय त्रेसष्ट. स्त्री आहे, वय साठ."

चाळीस डोकी शेवटच्या रांगेकडे वळली आणि परत आली.

"या घरातली स्त्री महिन्याचे सगळे भाग बघते. एकही चुकवत नाही. या महिन्यातही," त्यांनी कागद पाहिला, "आजवर एकही चुकलेला नाही."

पुढच्या रांगांनी मान डोलवली. सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मागून वहिनी उठल्या. त्यांचा आवाज शांत होता, शंका विचारावी तसा.

"साहेब, प्रश्न आता विचारला तर चालेल?"

"विचारा."

"त्या घरातली स्त्री गेले दहा दिवस बहिणीकडे होती. रोज आठला आमच्या खालून गाणं येत होतं. इतकं मोठं की मी माझा टीव्ही बंद करून तुमच्या टीव्हीवर ऐकलं. ते कोण बघत होतं?"

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. उत्तरं तशी पुष्कळ होती. टाइमर म्हणता आलं असतं. यंत्रातला बिघाड म्हणता आलं असतं, आणि त्यांच्यासारख्या माणसानं म्हटल्यावर सगळ्यांनी मानलंही असतं. मापनतज्ज्ञ असं अकरा ठिकाणी छापलं होतं. त्यांना तो पाया पडणारा दुकानदार आठवला. त्यालाही त्यांनी असंच, थोडं थांबून, सांगितलं होतं, काटा शून्यावर नाही.

"मी," ते म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घातली.

"दहा दिवस नाही. दोन वर्षं. यंत्र आल्यापासून मी हिच्या कळीवर बघतो. एका घराची जी नोंद मी आत्ता वाचली, ती माझी आहे. हिनं एकही भाग बघितलेला नाही. मी खोटी सही केली आहे."

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. बाई उभ्या राहिल्या.

"आणि बॉक्सिंग मी बघते," त्या म्हणाल्या. "यांच्या कळीवर. तीस वर्षं शाळेत मुलांच्या मारामाऱ्या सोडवल्या, त्यांना काही नियम नव्हते. यात आहेत. पण मुख्याध्यापिका बॉक्सिंग बघते, हे कसं दिसेल, म्हणून बोलले नाही."

मग एक जण हसला. शेजारचा हसला. पुढची अख्खी रांग हसायला लागली आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी डोळे पुसत व्यासपीठावर चढले.

"साहेबांना आणि बाईंना हे विनोदी अंग आहे, हे आपल्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "विषय गंभीर होता, पण शेवट काय केलाय. पाठ करून आले होते दोघं. आभार."

"मी विनोद केला नाही," साहेब म्हणाले. ध्वनिक्षेपक सेक्रेटरींच्या हातात होता.

हसल्या नाहीत त्या फक्त वहिनी. त्या साहेबांकडे बघत होत्या आणि बाहेर पडताना एवढंच म्हणाल्या, "मावसभाऊच होता तो. मी मागचे भाग काढून बघितले."

दोघं जिना चढून घरी आले. कुलूप काढताना साहेबांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"यंत्र यायच्या आधीच. साडेआठला बाहेर येते तेव्हा टीव्हीची पाठ गरम असते आणि तुमच्या हातात सकाळचा पेपर. एवढं अनुमान सातवीतलं मूल काढेल."

"मला बॉक्सिंगचं कळलं नाही."

"तुम्ही फिरून आल्यावर टीव्हीला हात लावत नाही," बाई म्हणाल्या. "घाम पुसता."

सोमवारी सर्वेक्षणवाली मुलगी आली. तिच्याकडे आलेख होता. मॅडम घरी नसल्याची नोंद असलेल्या दहा दिवसांत मॅडमनी सात भाग बघितले होते, आणि सर घरी असताना सरांचं बॉक्सिंग एकदम शून्यावर आलं होतं. साहेबांनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या काट्यापासून. ती मन लावून ऐकत होती.

"मला पटतंय, सर," ती म्हणाली. "पण या फॉर्मवर विसंगतीची तीनच कारणं आहेत. वीजपुरवठा खंडित. रिमोट नादुरुस्त. सदस्य मयत."

"सदस्य खोटं वागला, असं नाही?"

"नाही, सर. 'इतर' असा रकाना होता पूर्वी. लोक त्यात काहीही लिहायचे, म्हणून काढला." तिनं फॉर्म पुढे केला. "आपण रिमोट नादुरुस्त लिहूया. तुमची फक्त सही."

साहेबांनी रिमोट हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"रिमोट चांगला आहे," ते म्हणाले. "मी सही करणार नाही."

"मग तक्रार मिटत नाही, सर. मिटेपर्यंत दर सोमवारी माणूस येत राहील."

"येऊ दे."

त्या दिवसापासून साडेसहाला बाई स्वतःची कळ दाबून बॉक्सिंग बघू लागल्या, सोफ्यावर, पाय वर घेऊन. आठला साहेब पहिली कळ दाबून मालिका बघू लागले, पेपराशिवाय, आवाज बारावर. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. तिसऱ्याच दिवशी कंपनीतून फोन आला की कळा उलट्या जोडल्या गेल्याचं ऑफिसात लक्षात आलं आहे, काळजी नसावी.

पुढच्या सोमवारी टेक्निशियन आला, तोच, गच्चीच्या किल्लीवाला. धिप्पाड, मोठ्या मिशांचा माणूस. त्यानं रिमोट बदलला आणि 'बिघाड दूर झाला' या कागदावर सही मागितली. साहेब म्हणाले, बिघाड नव्हता, तर दूर कसा होईल. तो कागद घेऊन गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी त्यानं तिसरा रिमोट आणला. पेटी उघडून, पुसून, बंद करेपर्यंत आठ वाजले.

शीर्षकगीत लागलं. साहेबांनी पहिली कळ दाबली. बाईंचा त्या दिवशी वर्ग नव्हता. त्या वह्या घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. टेक्निशियन स्क्रूड्रायव्हर पुसत उभा राहिला. मग पुसून झालेला स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुसू लागला.

"आज थोरली शुद्धीवर येते म्हणतात," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"बसा," साहेब म्हणाले.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. साहेबांनी पाहुण्यांची कळ दाबली. पेटीनं विचारलं, स्त्री की पुरुष.

टेक्निशियननं दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, स्त्री टाका. ऑफिसात हा आलेख माझ्यासमोर निघतो. वय काहीही टाका."

साहेब बराच वेळ रिमोट धरून बसले. पडद्यावर थोरलीचं बोट हललं. बाईंनी वहीतून डोकं वर केलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

साहेबांनी 'पुरुष' दाबलं.

"वय?" त्यांनी विचारलं.

टेक्निशियननं सुस्कारा सोडला. "एक्केचाळीस."

दिवा हिरवा झाला. थोरलीनं डोळे उघडले, आणि उशाशी बसलेल्या मावसभावाला विचारलं, आपण कोण. टेक्निशियननं मिशीवरून हात फिरवला, तो गालापर्यंत नेला आणि तिथं जरा वेळ ठेवला.

कंपनीला पाहुण्याची नोंद संशयास्पद वाटली. पुढच्या सोमवारी चौथा रिमोट आला. तो घेऊन येणारा माणूस पावणेआठलाच दारात उभा होता.